अँजिओप्लास्टीनंतर व्हिटॅमिनचा डबा आवरताना: पाच महिन्यांचा हिशेब

दवाखान्यातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर हृदयाच्या गोळ्या ठळक लिहिलेल्या असतात. ॲस्पिरिन, त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकॅग्रेलॉर, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, एखादी बीटा-ब्लॉकर, रक्तदाबाची एक, पोटासाठी पँटोप्राझोल. 'आधीपासून चालू असलेली औषधं' हा रकाना मात्र अर्धाच भरलेला असतो. भरती करताना विचारतात, "घरी काय काय चालू आहे?" आणि उत्तर जातं, "शुगरची एक गोळी." व्हिटॅमिनला आपल्याकडे कुणी गोळी म्हणतच नाही.

बाबांची अँजिओप्लास्टी मे महिन्यात झाली. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावरचा डबा रिकामा केला तर नऊ वस्तू निघाल्या. व्हिटॅमिन ईची हिरवी ४०० ची कॅप्सूल, अमेरिकेतून आलेलं फिश ऑइल, तिथूनच आलेली नायासिनची (व्हिटॅमिन बी-३) ५०० मिलिग्रॅमची बाटली, 'पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी' असं लिहिलेली मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, डी-३ ची ६०,००० युनिटची आठवड्याची कॅप्सूल, डी-३ अधिक के-२ ची रोजची गोळी, आणि आईच्या केसांसाठी आणलेली पण दोघंही घेत असलेली बायोटिन. यातली एकच वस्तू डॉक्टरांनी लिहून दिलेली होती, तीही दोन वर्षांपूर्वी, आठ आठवड्यांसाठी.

या नऊपैकी काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरायला ऑक्टोबर उजाडला. ज्यांच्या घरात असाच डबा आहे त्यांच्यासाठी तो सगळा क्रम इथे देत आहे.

पहिला आठवडा फक्त लेबलं वाचण्यात गेला. यादी करताना ब्रँडच्या नावाने केली तर काहीच कळत नाही. घटकाच्या नावाने करावी लागते. एका कागदावर डावीकडे घटक (व्हिटॅमिन डी, बी-१२, फॉलिक ॲसिड, ई, के, कॅल्शियम), वर बाटल्यांची नावं, आणि प्रत्येक चौकटीत मात्रा. हे करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली म्हणजे 'प्रति सर्व्हिंग'. बऱ्याच डब्यांवर दिलेली मात्रा दोन गोळ्यांची असते आणि ते बारीक अक्षरांत असतं. दुसरी एककांची. व्हिटॅमिन डी कुठे आययूमध्ये (म्हणजे युनिटमध्ये) असतं, कुठे मायक्रोग्रॅममध्ये. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. तिसरी कॅल्शियमची. '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. मोठा आकडा पूर्ण संयुगाचा, छोटा आकडा कामाचा.

औषध कोणतं आणि पूरक आहार कोणता हेही याच वेळी वेगळं करून घ्यावं. डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल तर कायद्याने तो खाद्यपदार्थ आहे, आणि त्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. डबा फेकून दिला असेल तर दुकानदाराचं बिल बघा. एचएसएनच्या (मालाच्या वर्गवारीच्या) रकान्यात ३००४ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर औषध, २१०६ असेल तर खाद्यपदार्थ. तेव्हा ही माहिती निव्वळ कुतूहलाची वाटली होती; सप्टेंबरात विम्याच्या दाव्यात ती कामी आली.

तक्ता पूर्ण झाल्यावर व्हिटॅमिन डीच्या ओळीची बेरीज केली. कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून ५००, मल्टिव्हिटॅमिनमधून १,०००, के-२ वाल्या गोळीतून २,०००, आणि आठवड्याच्या ६०,००० ला सातने भागलं तर ८,५७१. म्हणजे दिवसाला सरासरी १२ हजार युनिटांच्या वर. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० आहे आणि देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची मर्यादा ४,०००. चार बाटल्या, चारही आपापल्या परीने निरुपद्रवी, आणि बेरीज अशी. स्वतंत्रपणे कुणाचीच चूक नव्हती, म्हणून तर कुणाच्या लक्षात आली नाही.

त्याच तक्त्यात दिसलं की बी-कॉम्प्लेक्सच्या त्या ब्रँडमध्ये बी-१२ नव्हतंच. नावात 'कॉम्प्लेक्स' आहे म्हणजे सगळी बी जीवनसत्त्वं आहेत असं धरून चालू नका. काही नेहमीच्या कॅप्सूलमध्ये बी-१२ असतं, काहींत नसतं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडं होतं, पण ती जेमतेम महिन्यापूर्वी सुरू झालेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची पहिली फेरतपासणी होती. बाहेर दोन तास थांबावं लागलं आणि आत आठ-दहा मिनिटं मिळाली. नऊ बाटल्यांची पिशवी टेबलावर ओतली असती तर ती मिनिटं झाकणं उघडण्यातच गेली असती. एका पानाचा तक्ता दिला आणि काम झालं. त्या पानावर वरच्या कोपऱ्यात हृदयाच्या सगळ्या गोळ्या मात्रेसह लिहिल्या होत्या आणि खाली एकच प्रश्न: यातलं आज काय बंद करायचं, काय तपासून ठरवायचं?

आजच बंद करा, असं चार गोष्टींबद्दल सांगितलं: व्हिटॅमिन ई, नायासिन, फिश ऑइल आणि बायोटिन. डी आणि कॅल्शियम तपासणी होईपर्यंत थांबवा. बी-१२ तपासा. मल्टिव्हिटॅमिन घेतली काय, न घेतली काय.

बाबांचा साधा प्रश्न होता, "डॉक्टर, व्हिटॅमिन ईने रक्तवाहिन्या साफ राहतात ना?" हा समज हवेतून आलेला नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठणारं कोलेस्टेरॉल आधी ऑक्सिडाइज होतं, व्हिटॅमिन ई ऑक्सिडेशन रोखतं, म्हणून ते हृदयाला वाचवेल, हा तर्क १९९० च्या दशकात मोठमोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनाही पटला होता. १९९६ च्या इंग्लंडमधल्या 'केऑस' या दोन हजार रुग्णांच्या अभ्यासात झटके कमीही दिसले. मग मोठे अभ्यास झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' अभ्यासात ९,५४१ जणांना साडेचार वर्षं ४०० युनिट व्हिटॅमिन ई किंवा खोटी गोळी दिली, फरक शून्य. २००२ च्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त २०,५३६ जणांवर ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. तिथेही काही नाही. 'होप'मधल्याच लोकांवर पुढे आणखी लक्ष ठेवलं तेव्हा २००५ मध्ये ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर थोडं जास्तच आढळलं. आपल्याकडची हिरवी कॅप्सूल जवळपास त्याच मात्रेची आहे, आणि रोजची गरज आहे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना मोठ्या मात्रेतलं ई रक्तस्रावाकडे झुकवतं. दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, अशी बाबांची तक्रार होती. ती बहुतेक दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेच असावी, पण त्यात भर कशाला घाला.

नायासिनची गोष्ट जास्त बोधक आहे, कारण ते खरोखर काम करतं. रोज एक-दोन ग्रॅम निकोटिनिक ॲसिड घेतलं की चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं, ट्रायग्लिसराइड उतरतं, रिपोर्ट बघून जीव सुखावतो. झटके मात्र कमी होत नाहीत. 'एम-हाय' हा अभ्यास २०११ मध्ये मध्येच थांबवला, आणि २०१४ साली २५,६७३ रुग्णांच्या 'एचपीएस२-थ्राइव्ह'ने विषय संपवला: स्टॅटिनवर नायासिन चढवून फायदा नाही, उलट नवा मधुमेह, आहे त्या मधुमेहाची बिघडलेली साखर, संसर्ग आणि रक्तस्राव जास्त. मधुमेह असलेल्या माणसाच्या डब्यात ही बाटली असणं म्हणजे कमालच. एक खुलासा: आपल्याकडच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये असतं ते निकोटिनामाइड. त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही आणि त्या मात्रेत ते निरुपद्रवी आहे. परदेशातून येणाऱ्या बाटलीवर नुसतं 'नायासिन' असेल तर खालच्या ओळीत निकोटिनिक ॲसिड आहे का ते वाचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल होऊन अंगाची आग होत असेल तर वाचायचीही गरज नाही, तेच आहे.

फिश ऑइलबद्दल आमचा गोंधळ जास्त काळ टिकला. '१००० मिलिग्रॅम' हा आकडा तेलाचा असतो. मागे ईपीए १८० आणि डीएचए १२० लिहिलेलं असतं, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम. २०१८ च्या 'रिड्यूस-इट' अभ्यासात ज्याने झटके चतुर्थांशाने कमी झाले ते शुद्ध केलेलं ईपीए होतं, रोज ४ ग्रॅम, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांत. त्या बाटलीतून तेवढं ईपीए मिळवायचं तर दिवसाला वीसपेक्षा जास्त कॅप्सूल गिळाव्या लागतील. पुढे ईपीए-डीएचए एकत्र देऊन केलेल्या 'स्ट्रेंथ' अभ्यासात फायदा दिसला नाही, आणि मोठ्या मात्रांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, वाढलेली दिसली. त्यामुळे जाहिरातीत सांगतात तो फायदा एका औषधाचा आणि दुकानात मिळते ती बाटली दुसऱ्याच वस्तूची. (जवसाच्या चटणीतलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं आहे आणि शरीरात त्याचं ईपीए फार थोडं होतं. चटणी चटणी म्हणून खावी, छान लागते.)

बायोटिनने सगळ्यांत जास्त धक्का दिला. शरीराची गरज दिवसाला ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत १०,०००. ती हृदयाला काही करत नाही, पण रक्ताच्या तपासणीला फसवते. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन, अशी जोडी वापरून मोजमाप होतं. रक्तात जादा बायोटिन असलं की यंत्र चुकतं. हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिन तपासणी त्यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या ट्रोपोनिनमुळे झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख आहे. थायरॉइडचे रिपोर्टही यामुळे विचित्र येतात. म्हणून रक्त द्यायच्या आधी किमान तीन दिवस बायोटिन बंद, आणि ज्याला झटका येऊन गेला आहे त्याच्यासाठी कायमचं बंद. पुढचा झटका तीन दिवस आधी कळवून येत नाही.

तपासण्या जूनच्या शेवटी केल्या: बी-१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं एक अमिनो आम्ल), कॅल्शियम, क्रिएटिनिन, आणि स्टॅटिन सुरू होऊन सहा आठवडे झाले म्हणून लिपिड प्रोफाइल. सगळे मिळून साधारण ३,६०० रुपये गेले. त्यात डी आणि होमोसिस्टीन महाग, कॅल्शियम-क्रिएटिनिन किरकोळ. एकेक सांगून केलं तर महाग पडतं. पॅकेज विचारा, पण साठ-सत्तर चाचण्यांचं 'फुल बॉडी' पॅकेज गळ्यात मारून घेऊ नका. त्यात होमोसिस्टीन बहुधा नसतंच.

होमोसिस्टीनचा नमुना घरून देऊ नका, ही माझी आग्रहाची सूचना. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. नमुना बर्फात ठेवून लवकर वेगळा केला नाही तर आकडा दर तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतो. दुचाकीवरून चार घरं फिरून दुपारी प्रयोगशाळेत पोचलेल्या नळीत काय येईल ते उघड आहे. आम्ही प्रयोगशाळेत जाऊन दिला आणि नळी बर्फात ठेवताना बघितली. थोडं आगाऊपणाचं वाटलं, पण चालतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. व्हिटॅमिन डी ९६ नॅनोग्रॅम. कमतरता २० च्या खाली धरतात. विषबाधेचा धोका प्रामुख्याने १५० च्या पुढे. कॅल्शियम वरच्या मर्यादेला टेकलेलं, पण आत. बी-१२ १७८ पिकोग्रॅम, म्हणजे २०० च्या खालची स्पष्ट कमतरता. होमोसिस्टीन २४, जे १५ च्या आत असायला हवं. म्हणजे जे चार बाटल्यांतून मिळत होतं ते गरजेच्या कितीतरी पट, आणि जे हवं होतं ते जवळजवळ कशातच नाही.

डी सगळ्या वाटांनी बंद झालं. ते चरबीत साठतं, त्यामुळे बंद केल्यावरही महिनोन् महिने रक्तात उतरत राहतं. ६०,००० ची कॅप्सूल आठवड्याची आहे हे विसरून रोज घेणारे लोक खरोखर असतात. वारंवार तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखं लघवीला होणं, आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा असा तो प्रवास असतो. कॅल्शियम वाढलं की ठोकेही बिघडतात, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांत विशेष. ज्यांना डी खरंच कमी आहे आणि आठवड्याची मात्रा लिहून दिली आहे त्यांनी प्रत्येक कॅप्सूलवर स्केचपेनने तारीख लिहावी आणि शेवटची संपली की नवं पाकीट आणू नये. दुकानदार पाकीट देतो, थांबायला सांगत नाही. आणि ती दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर घ्यावी, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही.

डी घेतल्याने हृदय वाचतं का, याचं उत्तर आता बऱ्यापैकी ठाम आहे. अमेरिकेतल्या 'व्हायटल' अभ्यासात २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट दिलं, हृदयविकार कमी झाला नाही. ऑस्ट्रेलियातल्या 'डी-हेल्थ'मध्ये तर आपल्या ओळखीची ६०,००० चीच मात्रा होती, पण महिन्याला एक. २१ हजारांवर ज्येष्ठांत पाच वर्षांपर्यंत फरक इतका किरकोळ की तो योगायोगही असू शकतो. कमतरता असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी भरून काढा. हृदयासाठी म्हणून नको.

के-२ वाली गोळी अशीच गेली. 'कॅल्शियम रक्तवाहिन्यांतून हाडांत नेतं' ही तिची जाहिरात. डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षं के-२ आणि डी देऊन महाधमनीच्या झडपेवरचा कॅल्शियमचा साठा मोजला, तो थांबला नाही. बाबांना तिने अपाय केला नसता. पण ज्यांची झडप बदलून धातूची बसवली आहे आणि जे रक्त पातळ ठेवायला ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन घेतात, त्यांच्यासाठी ही गोळी धोक्याची आहे. ती औषधं व्हिटॅमिन के अडवूनच काम करतात. डीच्या गोळीत लपलेलं के पोटात गेलं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) उतरतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. अशा रुग्णांनी 'डी-३' मागताना पाठीमागचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पालक-मेथी सोडायची गरज नसते, दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खायची असते. श्रावणात एकदम पालेभाज्यांवर आलात तर आयएनआर लवकर तपासा.

बी-१२ चं कारण शोधायला वेळ लागला नाही. जन्मभर शाकाहार, दहा वर्षं मेटफॉर्मिन (शुगरची ती गोळी), आता त्यात पँटोप्राझोल. मेटफॉर्मिनने आतड्यात बी-१२ चं शोषण घटतं, आणि आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. पण बाबांचं उदाहरण वेगळं नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुरुषांची पाहणी केली होती, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी-१२ वर्षातून एकदा बघावं, हृदयरोग असो वा नसो.

उपचार साधा निघाला. मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम रोज एक. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असताना १५०० कशाला, हा प्रश्न मला पडला होता. शोषणाची नेहमीची वाट बंद किंवा अरुंद असली तरी मोठ्या मात्रेचा साधारण एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. तेवढे पुरतात. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा असेल तर डॉक्टर आधी इंजेक्शनं देतात. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेऊ नये. रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आत चालू राहते. गोळी घेताना मिथाइलकोबालामिन एकटं असलेली मागा. दुकानात बहुतेक वेळा अल्फा लिपोइक ॲसिड, बी-६, फॉलिक, क्रोमियम अशी वरात असलेली कॅप्सूल हातात ठेवतात, आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून.

होमोसिस्टीन जास्त म्हणजे झटक्याचा धोका जास्त हे निरीक्षण खरं आहे, पण ते उतरवल्याने धोका उतरत नाही. २००६ च्या 'होप-२' मध्ये ५,५२२ जणांना फॉलिक, बी-६, बी-१२ देऊन होमोसिस्टीन खाली आणलं. झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू खाली आले नाहीत. बाबांना बी-१२ दिलं ते नसांसाठी आणि रक्तासाठी. हे घरात स्पष्ट सांगावं लागलं, नाहीतर ती गुलाबी गोळी हृदयाच्या गोळ्यांच्या रांगेत जाऊन बसते आणि एक दिवस स्टॅटिन विसरलं तरी 'ती घेतली ना' असं वाटतं.

हे जुलैअखेर खरोखरच होता होता राहिलं. बाबांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. कुणीतरी सांगितलं, स्टॅटिनने दुखतंय, ते सोडा आणि कोएन्झाइम क्यू-१० घ्या. फोनवर विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "गोळी थांबवू नका, आधी सीपीके करा." सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी. चारशे रुपयांची तपासणी, संध्याकाळी रिपोर्ट, सामान्य. स्टेंट बसल्यावर मनाने स्टॅटिन सोडणं ही या सगळ्या प्रवासातली सगळ्यांत महाग चूक ठरली असती. दुखणं खोटं नसतं, पण त्याचं कारण बरेचदा गोळी नसते. २०२० च्या 'सॅमसन' अभ्यासात स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. क्यू-१० चे पुरावे उलटसुलट आहेत. डॉक्टरांनी स्टॅटिनची वेळ बदलली, बी-१२ तीन महिने होऊ द्या म्हणाले, दोन आठवड्यांत दुखणं ओसरलं. कशामुळे ओसरलं हे सांगता येणार नाही.

'नैसर्गिक' पर्यायही याच काळात सुचवले गेले: लसणाच्या कॅप्सूल, हळद, दालचिनी, लाल यीस्टचा तांदूळ. २०२२ च्या 'स्पोर्ट' अभ्यासात नेमकी हीच मंडळी, शिवाय फिश ऑइल आणि प्लांट स्टेरॉल, ५ मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिनसमोर उभी केली होती. २८ दिवसांत रोसुवास्टॅटिनने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्के उतरवलं. बाकी एकानेही ते खोट्या गोळीपेक्षा जास्त उतरवलं नाही. लाल यीस्टच्या तांदळात मुळात लोव्हास्टॅटिनच असतं, मात्रा ठाऊक नसलेलं. स्टॅटिन चालू असताना ते घेणं म्हणजे दुसरं स्टॅटिन घेणं.

बाबांचं एलडीएल भरती झाले तेव्हा ११८ होतं, सहा आठवड्यांनी ६१. झटका येऊन गेलेल्यांसाठी लक्ष्य ५५ च्या खाली असतं, म्हणून इझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या गोळीची, १० मिलिग्रॅमची, भर पडली.

सप्टेंबर विम्याचा. रुग्णालयात भरती असतानाचं बिल कॅशलेस झालं होतं. आमच्या पॉलिसीत घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांच्या औषधं-तपासण्यांचे पैसे परत मिळतात, त्यासाठी मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डाची प्रत, रद्द केलेला धनादेश आणि दाव्याचा फॉर्म लागतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: बी-१२ च्या गोळ्या आणि तपासणी 'व्हिटॅमिन' म्हणून कापल्या. हेल्थ पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची जी प्रमाणित यादी असते तिच्यात १४ क्रमांकाची नोंद आहे: आहारपूरक आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारे पदार्थ, व्हिटॅमिनं धरून, मिळणार नाहीत, मात्र भरतीच्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिले असतील तर मिळतील. ही दुसरी अर्धी ओळ कंपनीच्या पत्रात नव्हती. आम्ही प्रिस्क्रिप्शनची प्रत, बी-१२ चा रिपोर्ट, बिलावरचा ३००४ चा क्रमांक आणि हृदयरोगतज्ज्ञांचं दोन ओळींचं पत्र जोडून तक्रार कक्षाला ईमेल केला. अठरा दिवसांनी रक्कम जमा झाली, १,४०० च्या घरात. नसती झाली तर पुढची पायरी विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आणि मग विमा लोकपाल. मल्टिव्हिटॅमिनचं बिल आम्ही लावलंच नव्हतं. ते त्या अर्ध्या ओळीत बसत नाही, आणि एक न बसणारं बिल लावलं की बाकीच्यांकडेही संशयाने बघतात. डॉक्टरांचं पत्र सोडतानाच मागून ठेवा. नंतर मागायला गेलं की पुन्हा दोन तास रांगेत.

ऑक्टोबरच्या फेरतपासणीत बी-१२ ६४०, होमोसिस्टीन १३, व्हिटॅमिन डी ५८, एलडीएल ४८. बी-१२ चालू ठेवायचं, कारण मेटफॉर्मिन आणि शाकाहार दोन्ही चालूच राहणार. डी पुन्हा सहा महिन्यांनी मोजायचं, तोवर एक थेंबही नको. कॅल्शियम दूध, दही, नाचणीतून. मल्टिव्हिटॅमिनचं पाकीट संपलं आणि पुन्हा आणलं नाही. १४,६४१ अमेरिकी डॉक्टरांनी अकरा वर्षं रोज एक घेऊन पाहिली होती, २०१२ मध्ये निकाल लागला, झटके-पक्षाघात तेवढेच. डब्यातल्या पूरक गोळ्यांवर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जात होते, आता अडीचशे जातात. इझेटिमाइबचा खर्च त्या बचतीतून निघतो.

बाबांच्या पाकिटात आता घडी घातलेला एक कागद आहे. स्टेंटची तारीख आणि कोणत्या धमनीत, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांची नावं आणि त्या कुणीही परस्पर थांबवू नयेत ही ओळ, मधुमेह, बाकीच्या गोळ्या मात्रेसह, आणि सगळ्यांत खाली, अपघात विभागातल्या डॉक्टरांसाठी: 'बायोटिन घेत नाही.' असाच एक कागद आईच्या नावाचा, तिच्या पर्समध्येही आहे. तिच्या कागदावरची शेवटची ओळ अजून बदलायची आहे, तिच्या बाटलीत बावीस गोळ्या उरल्या आहेत.